समलिंगी लग्नाला सरकारची नेमकी अडचण काय?

शेवंती
दिवाळीत भाऊ आला होता. तो उत्रेख्तला असतो. तीन वर्षांपूर्वी तिथेच त्याचं लग्न झालं, एका डच मुलाशी. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कोणी नाही. लक्ष्मीपूजन आटोपून आम्ही चकल्या खात बसलो होतो, आणि एवढ्या काळात या विषयावर चकार शब्द न काढलेल्या आमच्या अण्णांनी एकदम विचारलं, "काय रे, तुमचं ते लग्न इथं चालतं का?"

भाऊ म्हणाला, नाही.

"का? सरकारचं काय जातं त्यात?"

भाऊ गप्प, मी गप्प. आईनं कुणी न मागता चहा टाकला.

मग मी समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार देणारा १७ ऑक्टोबर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उघडला. साडेतीनशेच्या वर पानं आहेत, सगळी वाचलीत असं खोटं सांगत नाही. न्यायालय का अडलं ते थोडंफार कळलं. सरकार का अडलंय ते मात्र नीट कळलं नाही. सरकारच्या शपथपत्रात "भारतीय कुटुंबाची संकल्पना म्हणजे पती, पत्नी आणि मुलं" असा सूर आहे. पण हे कारण झालं की कारणावर घातलेली शाल?

विकृती, संस्कृती, पाश्चात्त्यांचं खूळ या चर्चा या संकेतस्थळावर आधीच झाल्यात, त्या नकोत. एखादं सरकार, कुठलंही, या गोष्टीला का टाळतं एवढंच हवंय. अण्णांना उत्तर द्यायचंय.

पाचोळा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शतकी धागा नक्की.

चिंचोका
खरं कारण सांगू? दोन्हीकडे वरपक्ष. मानपान करायचा कुणी? दोन वरमाया समोरासमोर आल्या तर शांतताभंगाचं कलम लावावं लागेल. (हलकेच घ्या.)

अनघा_दे
@चिंचोका, आणि दोन्हीकडे वधूपक्ष असला तर हॉलचं बिल कोण भरणार?

चिंचोका
सरकार. म्हणूनच विरोध.

तिरफळ
शेवंती, प्रश्न चांगला आहे. सांगितलेली कारणं आणि न सांगितलेली कारणं वेगवेगळी धरायला हवीत.

सांगितलेली साधारण अशी. मार्च २०२३ च्या शपथपत्रात: लग्न ही स्त्री-पुरुषांमधली सामाजिक संस्था आहे, आणि तिची व्याख्या बदलणं संसदेचं काम आहे. एप्रिलमध्ये त्यात भर पडली की ही मागणी "शहरी उच्चभ्रूं"ची आहे. त्यावर सरन्यायाधीश चंद्रचूड सुनावणीतच म्हणाले की याला आधार देणारी कुठलीही आकडेवारी सरकारनं दिलेली नाही. मग सॉलिसिटर जनरल तुषार मेहतांचा मुद्दा: कायद्यांतल्या १६० तरतुदींशी याचा संबंध येतो, एक शब्द बदलला की सगळं विणकाम उसवतं.

न सांगितलेलं एकच आणि सोपं. नकार द्यायला काही पडत नाही. या प्रश्नावर कुणाचं सरकार पडलेलं नाही, कुणाची खुर्ची गेलेली नाही. होकार दिला तर किती मतं जातील ते कुणालाच माहीत नाही, आणि राजकारणात अज्ञात आकडा कायम मोठाच धरतात.

रामभाऊ_सांगलीकर
तिरफळ यांनी सरकारला घाबरट ठरवून टाकलं. पण एक साधी गोष्ट मान्य का होऊ नये? हा निर्णय निवडून आलेल्या लोकांनी घ्यायचा. पाच न्यायाधीशांनी नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत भाजपचे सुशील मोदी हेच बोलले होते, की एवढा मोठा सामाजिक प्रश्न दोन न्यायाधीश बसून ठरवू शकत नाहीत. यात द्वेष कुठे आला?

आयर्लंडनं २०१५ मध्ये सार्वमत घेतलं, ६२ टक्के लोक "हो" म्हणाले, विषय संपला. लोकांना विचारून झालं म्हणून पचलं. आपल्याकडे मात्र सगळ्यांना न्यायालयाच्या मागच्या दारानं जायचंय.

अनघा_दे
रामभाऊ, पुढचं दार उघडून पाहिलंय की. सुप्रिया सुळेंनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, विशेष विवाह कायद्यात बदल करून समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं. त्यावर चर्चा तरी झाली का? पुढच्या दाराला कुलूप लावायचं आणि मागच्या दारानं का आलात म्हणून विचारायचं.

रामभाऊ_सांगलीकर
खासगी विधेयकांचं बहुतेकदा तेच होतं, विषय कुठलाही असो. आणि सुळेबाईंच्या आघाडीची सरकारं किती वर्षं होती? २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बाजूला ठेवलं, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ते परत आणलं, तेव्हा केंद्रात कोण होतं? एका ओळीचं विधेयक आणून ते कलम काढून टाकता आलं असतं. नाही आणलं. तेव्हा एकाच पक्षाला धरू नका.

तिरफळ
या दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण सहमती. माझं म्हणणं तेच आहे, की हा पक्षांचा प्रश्न नाही, सत्तेत असण्याचा आहे. विरोधात बसल्यावर काँग्रेसच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू असं आलं, तेही "व्यापक सल्लामसलतीनंतर". आणि २०१८ ला ३७७ चा निकाल लागला तेव्हा केंद्रानं काय भूमिका घेतली? न्यायालयानं काय ते ठरवावं. म्हणजे तुरुंगात टाकायचं की नाही हे न्यायालयानं ठरवलेलं चालतं, लग्न लावायचं की नाही हे मात्र संसदेनंच.

कोकणी_खडूस
तुरुंगातून सोडायला खर्च नाही. लग्न लावलं की पेन्शन आली.

निवृत्त_निबंधक
नमस्कार. सहसा वाचनमात्र असतो. या विषयात मात्र अकरा वर्षं विवाह अधिकारी म्हणून खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून लिहितो.

१६० तरतुदींचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण तो पूर्ण खोटा नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा उघडा. कलम ४ मध्ये वय: पुरुष २१, स्त्री १८. दोन पुरुष आले तर दोघांना २१, दोन स्त्रिया आल्या तर दोघींना १८, हे सोपं झालं. पुढे निषिद्ध नात्यांचं परिशिष्ट आहे. पुरुषानं कुणाशी लग्न करायचं नाही याची एक यादी, बाईनं कुणाशी करायचं नाही याची दुसरी, प्रत्येकी ३७ नाती. दोन पुरुषांसाठी यादीच नाही. घोषणापत्राचे नमुने दोन आहेत, एक वराचा आणि एक वधूचा.

खरी गुंतागुंत याच्याही पुढे आहे. विशेष विवाह कायद्यात कलम २१-अ आहे, १९७६ च्या दुरुस्तीनं आलेलं. दोन हिंदूंनी या कायद्याखाली लग्न केलं तर त्यांचा वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानंच चालतो. आणि त्या कायद्यात पुरुष वारला तर वाटप एका तऱ्हेनं, बाई वारली तर दुसऱ्या तऱ्हेनं. बाईला मूलबाळ आणि नवरा नसेल तर मालमत्ता आधी "नवऱ्याच्या वारसांकडे" जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. आता दोन बायकांच्या संसारात एक वारली आणि मागून दुसरीही गेली, तर "नवऱ्याचे वारस" म्हणजे कोण?

याचं उत्तर शोधायचं तर मुळात बाईची मालमत्ता सासरी का जाते हा प्रश्न टेबलावर येतो. माझ्या मते कुठल्याही सरकारला त्या टेबलावर बसायचं नाही. समलिंगी जोडप्यांची भीती कमी, आणि आपल्या नेहमीच्या लग्नाची शिवण सगळ्यांना दिसेल याची भीती जास्त.

शेवंती
निबंधककाका, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे अडचण "नवरा-नवरा" या शब्दांची नाही, "नवरा" आणि "बायको" या शब्दांमध्ये कायद्यानं जो उंचसखलपणा ठेवलाय त्याची आहे?

निवृत्त_निबंधक
मी सरकारी माणूस. एवढं स्पष्ट लिहायची सवय नाही. पण हो.

तिरफळ
काकांचा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवून ठेवा.

पुरवणी जोडतो. काम अवघड आहे हे मान्य, पण ते करता येतं. दक्षिण आफ्रिकेत २००५ ला घटना न्यायालयानं संसदेला एक वर्ष दिलं, २००६ संपायच्या आत कायदा झाला. तैवानमध्ये २४ मे २०१७ ला निकाल आला, दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि बरोबर २४ मे २०१९ ला नोंदणी सुरू झाली. रामभाऊंसाठी: मधे २०१८ ला तैवानमध्येही सार्वमत झालं आणि लोक विरोधात गेले. सरकारनं मग नागरी संहितेतली लग्नाची व्याख्या तशीच ठेवली आणि समलिंगी जोडप्यांसाठी वेगळा कायदा केला. म्हणजे लोकांचाही मान राहिला, न्यायालयाचाही.

आणि शब्द बदलण्याचा त्रास म्हणाल, तर १८६० पासूनची दंडसंहिता अख्खी बदलून १ जुलै २०२४ पासून नवी लागू केलीच की. मनात असलं तर कलमं बदलतात. (जाता जाता, त्या बदलात ३७७ पूर्णच गेलं, त्यामुळे पुरुषावर बलात्कार झाला तर लावायला नीट कलम उरलं नाही. त्यावर मात्र कुणी धागा काढत नाही.)

ढवळ्या_पवळ्या
त्यावर तुम्हीच काढा.

मांडवीकाठ
गोंयांतल्यान नमस्कार! इकडची गंमत ऐका. आमच्याकडे सगळ्यांना एकच नागरी कायदा, पोर्तुगीज १८६७ ची संहिता आणि लग्नाचा १९१० चा हुकूमनामा. देवळात, चर्चमध्ये काय ते करा, पण आधी निबंधकाकडे दोन सह्या. पहिल्या सहीला सरकारी कागद, दुसऱ्या सहीनंतर जेवणं. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी निम्मी.

ज्यांचा कायदा आम्ही वापरतो त्या पोर्तुगालनं २०१० मध्ये समलिंगी लग्नाला मान्यता दिली. आम्ही त्यांचा जुना कायदा जपून ठेवलाय, आजीच्या ट्रंकेतल्या साडीसारखा. ती नेसायची नाही, टाकायचीही नाही.

निबंधककाकांचा मुद्दा बरोबर आहे, पण मग गोव्यात सगळ्यात सोपं व्हायला हवं. एक कायदा, एक वही, निम्मं निम्मं. तरी इथेही कुणी हात लावत नाही. म्हणजे फक्त कायद्याची गुंतागुंत हे कारण पुरत नाही.

तिरफळ
झकास मुद्दा! आणि समान नागरी कायद्याचा सोस असलेल्या उत्तराखंडनं जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला, त्यात लग्न तर स्त्री-पुरुषांचंच, पण लिव्ह-इनची सक्तीची नोंदणीसुद्धा फक्त स्त्री-पुरुषांची. कोरी पाटी हातात होती.

रामभाऊ_सांगलीकर
कोरी पाटी कधीच नसते हो. समाज असतो.

अनघा_दे
समाज म्हणजे कोण ते एकदा ठरवू. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत भारतात ५३ टक्के लोकांनी समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यतेच्या बाजूनं मत दिलं, ४३ टक्के विरोधात. मला स्वतःला आकडा जरा जास्त वाटतो, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तरी. पण मग "समाज तयार नाही" हे सरकार कशावरून म्हणतं?

कोकणी_खडूस
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

मधला_बाक
लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

आम्ही दोघं पुण्यात चौदा वर्षं एकत्र राहतोय. तीन वर्षांपूर्वी त्याचं अपेंडिक्स फुटलं. रात्री दोनला रिक्षानं घेऊन गेलो. संमतीच्या कागदावर "रुग्णाशी नातं" अशी रेघ होती. मी "मित्र" लिहिलं. काउंटरवरच्या बाई वाईट नव्हत्या, त्यांनी हळूच विचारलं, रक्ताचं कुणी नाही का? त्याचा भाऊ लातूरला. त्याला फोन केला, तो मिळेल ती एसटी धरून निघाला. डॉक्टरांनी थांबून चालणार नाही म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर ऑपरेशन केलं, त्यांचे उपकार आहेत. भाऊ दुपारी पोचला आणि त्यानं झालेल्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली. त्या भावाशी याचं सहा वर्षं बोलणं नव्हतं.

मी त्या सगळ्या वेळात तिथंच होतो. फाइल कुठं आहे, त्याला कसली ॲलर्जी आहे, विम्याचं कार्ड कुठल्या खिशात, सगळं मला माहीत. पण कागदावर मी मित्र.

मला वरात नको, अक्षता नकोत. ती रेघ हवी आहे.

कुंदाताई
मधला_बाक, तुम्ही दोघं आता बरे आहात ना? माझी लेक बंगळुरूला तिच्या मैत्रिणीबरोबर असते. आठ वर्षं. मी "रूममेट" म्हणते. तीही काही बोलत नाही. तुमचं वाचून आज तिला फोन केला, उगाचच.

मधला_बाक
बरे आहोत, ताई. तो आता पोट दुखलं की मला दम देतो, तुझ्याच हातचं खाल्लं म्हणून.

रामभाऊ_सांगलीकर
मधला_बाक, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काहीच दुमत नाही. त्या सहीचा हक्क तुम्हाला मिळायलाच हवा, आजच्या आज. पण त्यासाठी "लग्न" हाच शब्द कशाला? मी जुन्या वळणाचा आहे. माझ्या लेखी लग्न हा संस्कार आहे. संघाचे होसबाळेही तेच म्हणाले होते. हक्क द्या, नाव वेगळं ठेवा. फ्रान्सनं १९९९ ला तसा करार आणला होता, लग्न बऱ्याच नंतर, २०१३ ला.

तिरफळ
रामभाऊ, तुमची भूमिका प्रामाणिक आहे, पण मग तुम्ही सरकारच्या बाजूला नाही, चंद्रचूड आणि कौल यांच्या बाजूला आहात! लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीश एकमत होते. फूट पडली ती याच पुढच्या पायरीवर. चंद्रचूड आणि कौल म्हणाले की अशा नात्याला मान्यता देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. भट, कोहली, नरसिंह म्हणाले, न्यायालय तसं बांधून घालू शकत नाही. तीन विरुद्ध दोन. दत्तक मुलाच्या बाबतीतही तसंच. जानेवारी २०२५ ला पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या.

सरकारनं न्यायालयात तुमच्यासारखं "नाव वेगळं ठेवा, हक्क देतो" म्हटलं असतं तर आज निम्मा धागा झालाच नसता. का नाही म्हटलं? कारण एक पायरी दिली की दुसरी मागणार, फ्रान्सचंच उदाहरण बघा. तुम्ही दिलेला दाखलाच सरकारची भीती आहे.

रामभाऊ_सांगलीकर
हं. यावर विचार करावा लागेल.

पाचोळा
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. रामभाऊ "विचार करावा लागेल" म्हणाले, संकेतस्थळाच्या इतिहासात प्रथमच.

भुईनळा
थोडं अवांतर, पण फार नाही. १८९१ चा संमतिवयाचा वाद आठवा. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाऐवजी बारा वर्षं, एवढंच. टिळक विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं मुलींनी लहानपणीच नांदायला जावं असं नव्हतंच. कायदा परक्या सरकारनं करू नये, समाजानं स्वतः सुधारावं, असं होतं. आगरकर म्हणत होते, समाज स्वतः कधी सुधारणार त्याची तारीख सांगा. आजच्या शपथपत्रांची भाषा वाचली की गंमत वाटते. तेव्हा "सरकारनं करू नये, समाजानं करावं". आज "न्यायालयानं करू नये, संसदेनं करावं". आणि संसद म्हणते, समाज तयार नाही. चेंडू फिरतोच आहे.

रामभाऊ_सांगलीकर
@भुईनळा, टिळकांवर अर्धंच लिहू नका. मुलींची लग्नं सोळानंतर करावीत अशी सूचना १८९० मध्ये त्यांनीच मांडली होती, स्वेच्छेनं पाळण्यासाठी. सुधारकांपैकीच किती जण ते पाळायला तयार झाले?

भुईनळा
मान्य. तो टोमणा सुधारकांना बरोबर बसला होता. पण स्वेच्छेनं झालं नाही, म्हणूनच कायदा लागला ना? हिंदू कोड बिलाचंही तेच. आंबेडकरांनी १९५१ ला राजीनामा दिला, कारण स्वतःच्याच सरकारनं बिल लांबवलं. निवडणूक डोक्यावर होती. निवडणूक झाली, बहुमत आलं, आणि १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्यानं तेच कायदे झाले. मला वाटतं शेवंतीताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सरकारं लग्नाच्या कायद्याला हात लावतात ते न लावणं जास्त महाग पडायला लागतं तेव्हा.

चिंचोका
आणि मामाच्या मुलीशी लग्न? निषिद्ध नात्यांच्या ३७ च्या यादीत आतेबहीण-मामेबहीण असतील ना निबंधककाका? आमच्या गावात निम्मी लग्नं बाद!

निवृत्त_निबंधक
यादीत आहेत. पण रूढी असेल तर चालतं अशी सूट कायद्यातच ठेवली आहे. "भारतीय विवाहाची एकच संकल्पना" म्हणणाऱ्यांनी ही सूट वाचावी. उत्तरेत जे पाप, ते आपल्याकडे "मामाच्या मुलीवर पहिला हक्क". कायद्यानं दोन्ही मानली. मोठ्या लोकसंख्येची रूढी असली की कायदा वाकतो. छोट्या लोकसंख्येची असली की त्याला संस्कृती आठवते.

ढवळ्या_पवळ्या
काका, तुम्ही निवृत्त झालात ते सरकारच्या पथ्यावर पडलं.

वेलदोडा
सिंगापूरहून. इथलं उदाहरण शेवंतीला उपयोगी पडेल. २०२२ मध्ये इथल्या सरकारनं ३७७-अ रद्द केलं (आपल्या ३७७ चंच इंग्रजी भावंड) आणि त्याच वेळी घटनादुरुस्ती करून लग्नाची स्त्री-पुरुष ही व्याख्या न्यायालयात आव्हान देण्यापासून वाचवली. एका हातानं सोडलं, दुसऱ्या हातानं कडी लावली. कारणही लपवलं नाही: समाजातल्या धार्मिक गटांमध्ये फूट पडू नये. इथे चर्च, मशीद, मंदिर सगळ्यांची मतं सांभाळायची असतात. समलिंगी लग्न हा असा विरळा विषय आहे जिथे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे धर्मगुरू एका ओळीत उभे राहतात. भारतातही सुनावणीत जमियत उलेमा-ए-हिंद ही मुस्लिम संघटना विरोधात होतीच, आणि इकडे संघही. सरकारला अशी फुकटची एकजूट रोज कुठे मिळते?

अनघा_दे
संघाचं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत भागवतांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींची गोष्ट सांगितली होती, की असे लोक पूर्वीपासून आहेत, त्यांना त्यांची जागा मिळायला हवी. पण लग्नाची गोष्ट निघाली की संस्कार. म्हणजे पुराणात चालतं, रजिस्टरमध्ये नाही.

मांडवीकाठ
बरं, राज्यांचं काय? लग्न हा विषय समवर्ती सूचीत आहे ना? महाराष्ट्र स्वतः काही करू शकत नाही?

तिरफळ
करू शकतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत झालं तर राष्ट्रपतींची संमती लागेल. १९६७ नंतर तमिळनाडूनं अण्णादुराईंच्या काळात स्वाभिमान विवाहांना तशी मान्यता दिली होती, भटजीशिवाय होणाऱ्या. आपल्याकडे फुल्यांनी १८७३ लाच सत्यशोधक लग्नं लावली, कायद्याची वाट बघितली नाही.

पण २०२३ ला केंद्रानं राज्यांचं मत मागवलं तेव्हा सातच राज्यांनी उत्तर दिलं. राजस्थान (तेव्हा काँग्रेसचं), आंध्र आणि आसाम विरोधात. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम म्हणाले, विषय मोठा आहे, वेळ द्या. पुरोगामी महाराष्ट्रानं वेळ मागितला. अजून मागतोच आहे.

कोकणी_खडूस
आपण वेळ मागितला की समजायचं काय ते. गणपतीच्या आधी रस्ता होईल, तसं.

मधला_बाक
सरकारनं काहीच केलं नाही असं मात्र नाही, नाहीतर रामभाऊ परत चिडतील. निकालात कबूल केल्याप्रमाणे कॅबिनेट सचिवांची समिती झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्यानं कळवलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंधन नाही. शिधापत्रिकेवर एकाच घरातले धरा अशीही सूचना निघाली.

तो कागद छापून मी बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "अहो, दोन मित्रांचं जॉइंट खातं आधीपासूनच उघडता येतं की!" खरंच येत होतं.

करांचं मात्र तसं नाही. नवऱ्यानं बायकोला पैसे दिले तर भेट करमुक्त. मी त्याला वर्षात पन्नास हजारांच्या वर दिले तर ते त्याचं उत्पन्न. यावर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्यानं याचिका केली आहे. वाट बघतोय.

रामभाऊ_सांगलीकर
मी चिडत नाही. आणि दोन दिवस विचार केला. लग्न या शब्दाबाबत माझं मत तेच आहे. पण "हळूहळू" म्हणणाऱ्या सरकारनं पहिली पायरी तरी दाखवावी. शिधापत्रिका ही पायरी नव्हे, पायपुसणं आहे.

पाचोळा
दुसरा स्क्रीनशॉट.

शेवंती
सगळ्यांचे आभार. काल अण्णांना जमेल तसं सांगितलं. ३७ नात्यांची यादी, "नवऱ्याचे वारस", निवडणूक, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ते राहू दे, मला नाशिकचा फ्लॅट त्या दोघांच्या नावावर करायचाय, तेवढं विचार.

निबंधककाका, होईल का?

निवृत्त_निबंधक
मुलाला बक्षीसपत्र करून द्या. राहतं घर असेल तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार असेल तो. ही सवलत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि मयत मुलाची विधवा यांनाच आहे. जावई त्यात नाही. मग तो मुलीचा असो की मुलाचा. तेवढ्यापुरती समानता आहे.

पण तुमच्या जावयाचा मुख्य अडथळा दुसरा आहे. तो डच नागरिक. परदेशात राहणाऱ्या परदेशी माणसाच्या नावावर इथलं घर सहसा होत नाही. अनिवासी भारतीयाचा पती किंवा पत्नी असेल तर एक घर दोघांच्या नावावर घेता येतं, लग्न नोंदवलेलं आणि दोन वर्षं टिकलेलं असेल तर. म्हणजे गाडी परत त्याच शब्दापाशी येऊन थांबते. हल्लीचे नियम एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला दाखवून घ्या.

तूर्त मुलाच्या नावावर करा. मुलाला म्हणावं, मृत्युपत्र कर, जोडीदाराचं नाव स्पष्ट लिही, दोन साक्षीदार घे. ज्याला काही मिळणार आहे त्याची सही साक्षीदार म्हणून नको.

शेवंती
जावई. काका, हा शब्द आमच्या घरात अजून कुणी वापरला नव्हता. अण्णांना तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून हवाय, बुबुळावर शस्त्रक्रिया झालीय त्यांची.

चिंचोका
जावई म्हटलं की दिवाळसण आला. डच माणसाला अनारसे खाऊ घाला, मग बघू कोण कुणाला विरोध करतं.

शेवंती
खाल्ले त्यानं. चार. "कुकी" म्हणाला. आईनं अजून माफ केलेलं नाही.